घराचा वाटा

८ जून, रविवार
मासेमारीची बंदी चालू. होड्या वर ओढलेल्या, माझी टोपली उलटी. हाताला काम नाय म्हणून मेडिकलवाल्याने दिलेली डायरी काढली. शाळा चौथीपर्यंत, पण एवढं लिहायला पुरते. कोणी वाचायची नाय. तांदळाच्या डब्यात ठेवणार.

दर्पण आणि उत्कर्षा आज पण बोईसरला. लग्नाला वर्ष नाय झालं, आणि दर रविवारी मुलगा-सून जेवून निघतात ते दिवेलागणीला परत. काखेत पत्र्याचा डबा. विचारलं तर दर्पण म्हणतो, पत्ते खेळतो आई, कारखान्यातल्या मितेशच्या रूमवर. कारखान्यात ऑपरेटर झालेला बाप्या बायकोला घेऊन पत्ते खेळायला जातो? मी काय काल जन्मले?

शेजारची रंभाबाई दारात टपकलीच. म्हणाली, जमुना, तुझी सून नव्या बिल्डिंगखाली दिसली गो माझ्या भाचीला. वर बोट करून खिडक्या दाखवत होती नवऱ्याला.

कळलं. रूम बघतात. दांडी गाव सोडून वेगळी निघणार. एकुलता एक मुलगा, आणि ही मासवणची, नदीचे मासे खाऊन मोठी झालेली, त्याला बिल्डिंगीत नेणार.

९ जून
डबा उघडला. खरंच पत्ते हायेत. पण राजा-राणी नाय. राक्षस, पंखवाले साप, आग ओकणाऱ्या बाया. कोपऱ्यात ताकदीचा आकडा. प्रत्येक पत्त्याला प्लॅस्टिकचं कव्हर. माझ्या आधारकार्डाला नाय.

मागे उत्कर्षा उभी. मी म्हटलं, झुरळ शोधत होते. ती म्हणाली, सापडलं? आवाज बघा.

ठरवलं: खेळ घरात आणायचा. रविवारी घरीच खेळ असेल तर रूम बघायला वेळ कुठून आणतील? एका रविवारात काम होईल.

१२ जून
दर्पणकडून खेळ शिकून घेतला. अर्धा शिकले, बाकीचा फालतू हाय. ज्याने त्याने आपापला गठ्ठा आणायचा. दर्पणच्या गठ्ठ्यात सगळे तगडे राक्षस, म्हणून दर्पण जिंकतो. म्हटलं, मोठ्या होडीवालाच जिंकणार असेल तर बाकीच्यांनी वल्ही मारायची कशाला? तो म्हणाला, आई, तसाच असतो गेम. म्हटलं, माझ्या घरात नसतो.

माझा खेळ असा. सगळे पत्ते एकत्र. मग किनाऱ्यावर मासळीचे वाटे घालतो तसे वाटे, उघडे, सगळ्यांना दिसतील असे. एकाने पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्याने वाट्यावर हात ठेवून विचारायचं, हा कुणाचा? पाठमोऱ्याने नाव सांगायचं. त्याला दिसत नाय, म्हणून भांडण नाय. आजा-पणजापासून चालत आलंय.

मोठ्या आकड्याचा पत्ता पापलेट, मधला बोंबील, बारका मांदेली. एकेक पत्ता टाकायचा, मोठा छोट्याला खाणार. पण तीन मांदेल्या मिळून एक पापलेट खाणार. गरिबाचं पण काही असावं.

उत्कर्षा म्हणाली, आई, याला फॉरमॅट म्हणतात. भारी हाय. एवढी गोड का बोलली? लक्ष ठेवायला पाहिजे.

१५ जून, रविवार
बोईसरला कोणी गेलं नाय! खेळायला आमी चौघं: मी, नवरा, दर्पण, उत्कर्षा. नवऱ्याने पाठ केली. मला मांदेल्याच मांदेल्या. दर्पण हात ठेवताना खोकला. दोनदा. जून महिन्यात खोकला? खूण असणार.

शेवटून पहिली आले. फॉरमॅट चांगला हाय, माणसं वाईट हायेत.

१९ जून
नवीन नियम. एक, खोकणाऱ्याचा वाटा रद्द. दोन, प्लॅस्टिकची कव्हरं काढायची, त्यांच्यावर नखाने खुणा करता येतात. दर्पण रडकुंडीला आला, आई, पत्ते खराब होतील, हाताला सुकटीचा वास हाय तुझ्या. म्हटलं, त्याच सुकटीवर वाढलास तू. तीन, होडीला वाटा असतो तसा घराला पण वाटा. तो घराची बाई खेळणार. चार, पाठ मीच करणार. भरवसा कुणावर ठेवायचा?

नवरा म्हणाला, म्हणजे तुला दोन वाटे आणि पाठ पण तूच? म्हटलं, घर कोण चालवतं?

२२ जून, रविवार
जिंकले! दोन्ही वाट्यांत पापलेटं.

मी कपाटाकडे तोंड करून उभी राहते, कारण तिथे पंखा लागतो. कपाटाला आरसा हाय हे खरं. सकाळी पुसला पण, धूळ बसली होती. आता समोर आरसा असला आणि त्यात वाटा दिसला तर मी काय डोळे फोडून घेऊ? मुद्दाम बघणं वेगळं आणि दिसणं वेगळं. आणि इतके लबाड मागे बसलेले असताना कोणीतरी नजर ठेवायलाच पाहिजे. ही चोरी नाय, देखरेख हाय.

कुणाला काय कळलं नाय.

२९ जून, रविवार
परत जिंकले. रंभाबाई पण खेळायला आली होती. मधेच म्हणाली, जमुना, तुझी मान सारखी वर-खाली का होते गो? म्हटलं, मणक्याचा त्रास. तिला पुढच्या वेळी बोलवायचं नाय. घरच्यांचा खेळ हाय, बाहेरचे आले की संशयाचं वातावरण होतं.

६ जुलै, रविवार
जिंकले. डोक्याचा खेळ हाय, शाळेचा नाय. उत्कर्षा हरून पण हसत होती. हरलेलं माणूस हसत असेल तर त्याच्या मनात काय असतं ते मला चांगलं ठाऊक हाय.

१३ जुलै, रविवार
दर्पण म्हणाला, पुढच्या रविवारी बोईसरला जायचंय. खाली बघून म्हणाला. पाच रविवार घरी काढले आणि आता परत? रूम पक्की केली असणार. माझ्यासारखी खेळाडू सोडून कोण जाईल नायतर?

२० जुलै, रविवार
मागून गेले. पिशवीत सुके बोंबील घेतले, कोणी भेटलंच तर विकायला आले म्हणून सांगायला. मितेशची रूम तिसऱ्या माळ्यावर. दाराला कान लावला. आतून आवाज आला, हा कुणाचा?

दार ढकललं. सात-आठ पोरं-पोरी गोल करून बसलेली, मध्ये उघडे वाटे, आणि दर्पण भिंतीकडे तोंड करून. माझा खेळ! उत्कर्षा उठून म्हणाली, या आमच्या आई, फॉरमॅट यांचाच. एक हिंदीवाला पोरगा हात जोडून म्हणाला, आंटी, क्या दिमाग लगाया है. खोटं कशाला लिहू, छाती भरून आली. बोंबील तिथेच वाटून टाकले.

मग मला पण बसवलं. म्हटलं, घराचा वाटा? मितेश म्हणाला, आई, ही भाड्याची रूम, तिला कसला वाटा? बरं म्हटलं. पाठ मीच केली. समोर नुसती भिंत. चुना.

पहिल्यांदा मांदेली. दुसऱ्यांदा मांदेली. तिसऱ्यांदा तर एक बोंबील पण नाय. मी म्हटलं, तुमी सगळे मिळालेले हायात. बोईसरचे सगळे चोर. मितेश म्हणाला, पण आई, घरी तर तुमीच जिंकता ना?

उत्कर्षाने दर्पणकडे बघितलं. दर्पण म्हणाला, घरी कपाट हाय.

तो हिंदीवाला पटकन म्हणाला, अच्छा, शीशेवाली आंटी यही हैं?

१० मिनिटं चप्पल सापडत नव्हती. पायातच होती.

रिक्षात बसल्यावर उत्कर्षाला विचारलं, कधीपासून ठाऊक हाय? म्हणाली, आरसा पुसलात त्या दिवसापासून. म्हटलं, मग बोलली का नायस? म्हणाली, बाबा म्हणाले, जिंकली की दोन दिवस कुणावर संशय घेत नाय, चालू द्या, स्वस्त पडतं.

म्हणजे नवरा पण सामील.

मग विचारूनच टाकलं, रूम बघितलीत ना? म्हणाली, बघितली. मे महिन्यात. तुमी माझा डबा उघडता, पिशवी तपासता, फोनवर बोलले की दाराआड उभ्या राहता. कुणाला जमेल? पण मग रविवारी खेळ सुरू झाला, आणि रूमवाल्याकडे परत जायचं राहून गेलं.

म्हटलं, आता?

ती म्हणाली, बघू आई. घरी पाठ कोण करतं, कशी करतं, त्यावर हाय.

दर्पण पुढे ड्रायव्हरच्या बाजूला बसला होता. खोकला. मी नियम काढला नाय.

२७ जुलै, रविवार
बंदी उठायला आली, नवरा जाळं बघतोय. दुपारी सगळे बसले. बोईसरला कोणी निघालं नाय. मी पण काय विचारलं नाय.

कव्हरं परत घालून दिली. घराचा वाटा रद्द केला. आरशावर टॉवेल मीच टाकला. उत्कर्षा उठली, टॉवेल काढला, उजेडात धरून बघितला, आणि गोधडी आणून टाकली. टॉवेल पातळ होता हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गोधडीकडे तोंड करून उभी राहिले. हा कुणाचा? उत्कर्षाचा. हा कुणाचा? दर्पणचा. हा? माझा. मांदेली निघाली. नवरा जिंकला, ज्याला अजून पापलेटचा आकडा ओळखता येत नाय. कसा जिंकला हे बघायला पाहिजे होतं.

पाठ करून उभी असताना मागे कोणतरी हसलं. वळायचं होतं. नाय वळले.

मान अजून दुखते.