उकळलेली नळी

मामंजी, त्या सकाळी रहाटाचं पाणी भरून झालं होतं आणि मी सारवायला बसले होते. माजघर झालं, ओटी झाली, देवघराची पायरी झाली. सारवत सारवत मी तुमच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि नेहमीसारखी तिथूनच मागे वळले. त्या उंबऱ्याच्या आत शेणाचा हात न्यायचा नाही, हा तुमचा नियम. वाडीत नारळ वेचायला येणारी आपली आगरी म्हातारी त्या खोलीची करडी, भेगाळलेली जमीन बघून म्हणायची, "सगला घर कसा हासतंय, नि ही एक खोली रांडमुंड." मग माझ्याकडे लक्ष जायचं आणि ती जीभ चावायची. मी हसायचे. हात धुऊन मी दूध तापवलं, मुगाचं कढण चुलीवर ठेवलं. कढण आपल्यासाठी नव्हतं, तुमच्या जंतूंसाठी होतं. मोठ्या प्रयोगशाळांत जंतूंना मांसाचं पाणी घालतात म्हणे. तुम्ही म्हणायचात, "आपल्या घरी आलेत ना, मग मूग खातील."

ती सकाळ मला का आठवते ते पुढे सांगते. आधी सगळं नीट क्रमाने लिहिलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरीला इतकं शिकवलं तरी शेवट आधी सांगते.

मानमोडीच्या साथीत ह्यांना मुंबईत ताप आला. आपल्याला निरोप पोचला तोवर सगळं उरकलं होतं. मागून एक ट्रंक आली, तिच्यात कपड्यांपेक्षा तारा जास्त. तांब्याच्या, चांदीच्या, रिळांवर गुंडाळलेल्या. कॉलेजात हे त्या तारा बर्फात बुडवायचे, मग उकळत्या पाण्यात, आणि वीज कधी सहज जाते, कधी अडते ते मोजायचे. तार थंड असली की सहज जाते, तापली की अडखळते, एवढं त्यांनी मला एका सुट्टीत सांगितलं होतं. "असं का?" म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "तेच तर शोधतोय." आमचं शास्त्रावर बोलणं झालं ते एवढंच. तसं पाहिलं तर एकूण बोलणंच थोडं झालं. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. घरात राहिलो तुम्ही आणि मी, आणि माळ्यावर ती ट्रंक.

तुम्ही ती कितीतरी दिवस उघडली नाहीत. शाळेतून पेन्शनीत निघाला होतात, दिवस सरत नव्हता. मग एकदा ताकाकडे बघत बसलात आणि म्हणालात, "अगं, हे दूध ज्याने आंबवलं तो आहे तरी कोण?" तिथून सुरुवात झाली. मुंबईच्या औषधवाल्याकडून निळ्या रंगाची पूड आली, काचेच्या नळ्या आल्या. मला अक्षरओळख होती, तुम्ही त्यापुढचं शिकवलंत. नळीत ताकातले जंतू घालायचे, थोडं कढण, निळ्या पाण्याचा एक थेंब. नळी काठोकाठ भरून बूच लावायचं आणि कोमट पाण्यात उभी करायची. आधी सगळी नळी गोकर्णीच्या फुलासारखी निळी. मग तळाकडून निळं विरत जातं आणि गढूळ पांढरं वर चढतं. बूच काढून नळी हलवली की वारा लागतो आणि गेलेलं निळं परत येतं. पहिल्यांदा ते परत आलेलं पाहिलं तेव्हा मी तोंडाला पदर लावला होता. तुम्ही नळी पुन्हा हलवून मला दाखवलीत.

जंतू आधी उकळून घेतले तर मात्र रंग जात नाही. "मरतात म्हणून?" असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "मरतात, आणि त्यांच्या अंगातलं विरजणही मरतं. त्या विरजणाला एन्झाइम म्हणतात. म्हणून दर वेळी शेजारी एक उकळलेली नळी ठेवायची. ती निळी राहिली तर आपलं बोलणं खरं. ती पांढरी झाली तर आपण सांगतो ते सगळं वाऱ्यावर." शेणाचा नियम त्यासाठीच होता. शेणात असे जंतू असतात की ते उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, बियांसारखे टणक होऊन बसतात आणि ऊब मिळाली की उठतात. म्हणून आंघोळ करून, ओल्या पदराने, कुठे न शिवता मी त्या खोलीत जायचे. मी एकदा म्हटलं, "हे आमचं सोवळंच झालं." तुम्ही म्हणालात, "सोवळ्यात देव रागावेल म्हणून भ्यायचं. इथे जंतू रागावत नाहीत, नुसते वाढतात." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खोकला येईपर्यंत हसलात.

त्याच सुमारास तुम्ही ट्रंक खाली काढलीत. तांब्याच्या तारेचं एक रीळ नळ्यांच्या शेजारी ठेवलंत. म्हणालात, "तारेतून विद्युत्कण धावतात, असं तो म्हणायचा. इथे जंतूकडून काहीतरी सुटतं आणि निळ्या रंगाला जाऊन मिळतं, तेव्हा रंग जातो. हे सुटणारं आणि ते धावणारं एकच निघालं तर?"

"तर काय होईल?"

"काय व्हायचंय? तो आणि मी एकाच कामावर होतो, असं होईल."

त्यानंतर तुम्ही बराच वेळ चष्मा पुसत होतात. मी कढण उतरवायला गेले.

मुंबईच्या प्रोफेसरांना बोलावणं धाडलंत तेही तुम्हीच. ते ह्यांच्याबरोबर शिकलेले, आता जंतूंवर काम करणारे. त्यांच्या प्रयोगशाळेत नळ्या लावायला स्वच्छ हाताचं, धीराचं माणूस हवं होतं. गिरगावात त्यांच्या बहिणीकडे राहायची सोय होती, आणि राहता राहता परीक्षेलाही बसता आलं असतं. मी म्हटलं, "आणि इथे तुमचं?" तुम्ही चिडून म्हणालात, "मी इथे म्हातारा झालोच आहे. तू कशाला होतेस?" प्रोफेसर येऊन माझं काम बघणार आणि पसंत पडलं तर मी जाणार, असं ठरलं. मामंजी, तेव्हा तुम्हाला बोलले नाही, पण मी ट्रंकेतले ह्यांचे कपडे काढून तिच्यात माझी दोन लुगडी घालून पाहिली होती. मावतात का ते बघायला.

आणि मग ती सकाळ, पाहुणे यायच्या आदल्या दिवसाची. उंबऱ्याशी थांबून मी मागे वळले ते तुम्ही झोपाळ्यावरून बघत होतात. दुपारी तुम्ही म्हणालात, "आजच्या नळ्या मी भरतो. तू उद्याच्या स्वयंपाकाचं बघ." उकळलेली नळी रात्रभर निळी राहते हे प्रोफेसरांना दाखवायचं, म्हणून त्या आदल्या संध्याकाळीच लावायच्या होत्या. मी नारळ खवत बसले. डाळ भिजत घातली. दिवेलागणीला तुमच्या खोलीवरून गेले तर आत ओल्या शेणाचा वास. जमीन हिरवीगार, नळ्या ठेवायचा मातीचा ओटासुद्धा सारवलेला, आणि त्याच ओट्यावर पाण्याच्या भांड्यात नळ्या उभ्या.

म्हातारी मागच्या दारी हात धूत होती. मी तिला विचारलं, "हे कुणी सांगितलं तुला?"

"मास्तरांनीच सांगितलान. पावना येनार हाय, म्हनले, जमीन अशी उघडी ठेवाची का?" माझा चेहरा बघून ती घाबरली. "का गं बाय? वंगाल झाला काय?"

"नाही," मी म्हटलं. "चांगलं सारवलंस."

मी तुमच्याकडे आले. तुम्ही ओटीवर डोळे मिटून बसला होतात. मी उभी राहिले, तुम्ही डोळे उघडले नाहीत. मी आत जाऊन दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी रेवसच्या बोटीने प्रोफेसर आले. भले गृहस्थ होते. माझ्याशी "वहिनी" म्हणून बोलले, ह्यांच्या आठवणी काढल्या. मग खोलीत गेले. सगळ्या नळ्या पांढऱ्या होत्या.

"वहिनी, ह्यातली उकळलेली कोणती?"

मी दाखवली.

"ही?" त्यांनी ती उजेडात धरली, खाली ठेवली, मग जमिनीकडे पाहिलं आणि हसले. "मास्तर, घर काय सुरेख सारवलंय! पण शेण आणि जंतूंचं शास्त्र एका छपराखाली कसं नांदायचं?"

तुम्हीही हसलात. "पाहुणा यायचा म्हणजे सारवायला हवंच. सवय आहे आमची."

मी दाराआडून म्हटलं, "संध्याकाळपर्यंत थांबलात तर मी पुन्हा लावून दाखवते." इतकं मोठ्याने मी परक्या पुरुषासमोर त्याआधी कधी बोलले नव्हते. प्रोफेसरांनी घड्याळ काढलं. ते थांबले असते असं मला अजून वाटतं. पण त्यांच्याआधी तुम्हीच म्हणालात, "अगं, भरती ओसरली की बोट चिखलात बसेल त्यांची." मग ते म्हणाले, पुन्हा कधीतरी येऊ, वहिनींनी हात बसू द्यावा. जेवले, पुरणपोळीचं कौतुक केलं आणि गेले.

तुम्ही त्यांना बैलांच्या दमणीत बसवून आलात, पाय धुतलेत आणि म्हणालात, "मला वाढ." मुलगा गेल्यापासून तुम्ही पानातलं कधी संपवत नव्हतात. त्या दिवशी सगळं खाल्लंत आणि भात दुसऱ्यांदा मागून घेतलात. वर म्हणालात, "आमटी काय झालीय गं आज." मी वाढत होते आणि तुमच्याकडे बघत होते.

त्यानंतर दोन पावसाळे तुम्ही होतात. आपण नळ्या लावतच राहिलो, खोली पुन्हा कधी सारवली नाही, आणि त्या दिवसाचा विषय कुणीच काढला नाही. प्रोफेसर विलायतेला गेले असं कळलं.

तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. वाडी मक्त्याने दिली आहे. म्हातारीही गेली. मी अलिबागच्या वाचनालयातून मासिकं आणवते, शब्दकोश जवळ घेऊन इंग्रजीही थोडं वाचते. परवा वाचलं ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवेना, म्हणून हे कागद घेतले. धातूतले अणू जागच्या जागी थरथरत असतात. तापले की जास्त थरथरतात आणि धावणारे विद्युत्कण त्या थरथरीने अडखळतात. सगळे अणू अगदी स्तब्ध राहिले तर म्हणे कण कुठेच अडायचा नाही. ह्यांना हवं होतं ते उत्तर हेच ना? आणि दुसऱ्या एका लेखात होतं की सजीवाच्या अंगातही तेच विद्युत्कण एका पदार्थाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे दिले जातात, आणि हे हातोहात देण्याचं काम एन्झाइम करतात. जंतूंच्या अंगातसुद्धा. म्हणजे तुम्ही दोघं एकाच कामावर होतात. मी ते वाचलं आणि मान वर केली. झोपाळा रिकामा होता. शेजारच्या काकूंना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "बरं बाई, वाचन म्हणजे वेळ जातो." वेळ जातो हे खरंच आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्या मासिकात छापून येणार नाही. त्या दुपारी म्हातारीला सारवायला सांगताना तुम्ही नियम विसरला होतात, की तो आठवत होता म्हणूनच सांगितलंत? पाहुणा आला की सारवायचं हे आपल्या हाडात आहे, हात आपोआप शेणात जातो. मीही विसरले असते. पण मग नळ्या स्वतः का भरल्यात? डोळे का उघडले नाहीत? कधी मी ठरवते की चूकच होती. कधी ठरवते की मला ठेवून घ्यायचं होतं आणि तोंडाने म्हणवत नव्हतं, म्हणून जमिनीकडून म्हणवून घेतलंत. कितीतरी वर्षं तुमच्यावर रागावले, मेलेल्या माणसावर रागावता येईल तेवढं. नुसतं "जाऊ नकोस" म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? पण तसं कोण म्हणतं आपल्याकडे.

हे कागद तुमच्यापर्यंत येणार नाहीत, म्हणून उरलेलंही लिहिते. मला जायचं होतं. फार जायचं होतं. प्रोफेसर परत गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही वाडीत गेलात तेव्हा मी घर सारवलं नाही. स्वयंपाकघरातल्या उंच फळीवर दोन नळ्या लावल्या, एक जिवंत जंतूंची, एक उकळलेली. जिवंत दुपारच्या आत पांढरी झाली. उकळलेली तिन्हीसांजेपर्यंत निळीच होती. प्रोफेसरांना तसं पत्र टाकता आलं असतं. तुम्ही ओटीवरून विचारलंत, "काय करतेस गं आत?" मी म्हटलं, "काही नाही, भांडी," आणि दोन्ही नळ्या विसळून पालथ्या घातल्या.