माझे गुडघे, ह्यांचं लेबल

९ जानेवारी २००५
दोघांच्या गुडघ्यांचे एक्स-रे आले. ह्यांनी लगेच दप्तर मांडलं. ह्यांचे आजोबा संस्थानच्या दप्तरात कारकून, त्यामुळे आमच्याकडे कागद नुसता ठेवत नाहीत, 'दाखल' करतात. पाकिटं फेकली. दोन्ही फिल्मच्या कोपऱ्यांवर मोत्यासारख्या अक्षरात लेबलं चिकटवली. एकावर ह्यांचं पूर्ण नाव, एकावर नुसतं 'सौ.'.
मग एक फिल्म खिडकीशी धरली. "बघ, हाडावर हाड टेकलंय माझं. म्हणून ओरडतो मी. तुझं त्या मानानं झकास आहे."
झकास तर झकास. पोळ्या लाटायला गेले.

११ जाने.
समोरच्या जशुबेन चिकू घेऊन आल्या. फिल्म पाहून हळहळल्या, "अरेरे काका, केटलुं घसाई गयुं!" किती झिजलं म्हणे. दिवसभरात तीन पाळ्यांत लोक येऊन बघून गेले. तीनदा चहा. डावा आज फार. संडासातून उठताना नळ धरते. एक दिवस नळच हातात येणार.
पाळी गेली त्याला चौदा वर्षं झाली, आणि वर्षभरात डाव्याची करकर सुरू झाली. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. नंतरचे म्हणाले, ह्या वयात बायकांचं असंच. मी घरी आले आणि कुकर लावला.

१४ जाने., उत्तरायण
सोसायटीतल्या चौघांनी ह्यांना खुर्चीसकट अगाशीवर, म्हणजे गच्चीत, नेलं. वर बसून राजासारखे पतंग बघत होते. उंधियूचं पातेलं मी नेलं. दोन्ही पाय एका पायरीवर, मग पुढची. वर पोचले तर कोणीतरी म्हणालं, "मासी, तमे तो हजी फिट छो!"
फिट म्हणे! डोळ्यांत पाणी आलं ते उन्हानं, असं सांगितलं.

१९ जाने.
ह्यांना मोठ्या सर्जनकडे नेलं. मी फाइल धरायला. डॉक्टर तरुण, गुजराती, पण चांगलं मराठी बोलतो. ह्यांचा गुडघा वाकवला, फिल्म पाहिली, परत वाकवला. "काका, फिल्म म्हणते तुम्हाला चार पावलं जड जावीत. तुम्ही तर छान वाकवताय." मग नखानं लेबल सोलायला लागला. हे म्हणाले, "अहो, फाटेल!"
लेबलाखाली छापलेलं होतं. माझं नाव, स्त्री, वय ६४.
डॉक्टरनं मान वळवून कोपऱ्यात बघितलं. "मासी, जरा चालून दाखवा." मी टेबलापर्यंत चालले. त्यानं मलाच खुर्ची दिली. म्हणाला, वयानं गादी झिजते ती सगळ्यांचीच, पण पाळी गेल्यावर बायकांची जास्त झिजते, आणि दुखतंही जास्त. "इतकी वर्षं काय केलंत?"
मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "ती कधी बोललीच नाही."
बोलले नाही! रोज सकाळी पलंगावरून उठताना 'आई गं' कोण म्हणतं? भिंत?

२० जाने.
काल घरी येऊन म्हणाले, "एक्स-रेवाल्यानं नावं नीट मोठी छापायला हवीत."
माफी वगैरे नाहीच. जशुबेनना अजून सांगितलेलं नाही. चिकू संपले.

२४ जाने.
ह्यांचं लंगडणं बंद. न कापता बरे झाले! दुखत असेल त्यांनाही थोडं, नाही म्हणत नाही. पण मग माझ्या हाडांवर दहा दिवस सहानुभूती खाल्ली ती खाल्लीच.
माझ्या ऑपरेशनची तारीख १६ फेब्रु. एका वेळी एकच गुडघा, आधी डावा. दीड महिना जपायचं. पुण्याहून लेकीचा फोन, "आई, करून टाक, मी आठवडाभर येते." हे शेजारच्या खुर्चीतून म्हणाले, "आणि उरलेले पाच आठवडे? स्वयंपाक?" तीस वर्षांपूर्वी ह्यांना टायफॉइड झाला, तेव्हा मी आठवडे मोजले नव्हते.

२९ जाने.
संमतीच्या फॉर्मवर माझी सही झाली. खाली नातेवाईकाची हवी. तीनदा विचारलं. "बघू."

१ फेब्रु.
फॉर्म जागेवर नाही. ह्यांच्या कपाटात शोधला. वीजबिल, घरपट्टी, विमा, सगळं लेबल लावून ओळीत. सगळ्यात खाली एक नवी फाइल, मोत्यासारखं अक्षर: 'सौ. – प्रलंबित'. आत माझा फॉर्म. व्यवस्थित पंच करून दाखल केलेला.
खाली बसले ती दहा मिनिटं उठता येईना. हे बाहेर झोपाळ्यावर. हाक मारली नाही.

२ फेब्रु.
सकाळी फॉर्म चहाच्या कपाशेजारी ठेवला, वर पेन. हे चहा प्यायले, पेन खिशाला लावलं आणि फिरायला गेले. फॉर्म तसाच.
जशुबेनकडे गेले. सगळं सांगितलं, लेबलासकट. त्यांनी शेगडी बंद केली. मग म्हणाल्या, "चालो, काले हुं आवुं. सही हुं करीश." शेजारणीची सही चालते की नाही, दोघींना माहीत नाही. हॉस्पिटलात जाऊन विचारायचं. उद्या दहाला निघायचं.
सहीखाली 'रुग्णाशी नातं' असा रकाना आहे. तिथे काय लिहायचं ते जिना उतरताना ठरवू. अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत, वेळच वेळ.