दोन घोट दुधाबाबत खुलासा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया करण्यात हयात घालवलेली, हे मृत्युपत्र स्वखुशीने करून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा मेंदूच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात शाबूत नाहीत. म्हणून मी सांगते आणि वकिलांच्या कारकूनबाई टाईप करतात. चौथ्या कलमाशी त्या थांबल्या होत्या. मी त्यांना पुढे चला म्हटले.

१. यापूर्वी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्या दोन्हींत घर माझ्या पुतण्याच्या नावे होते. तो गेली सहा वर्षे दर रविवारी मला भेटायला येतो आणि बोलता बोलता भिंतींना हात लावून ओल बघतो. त्याला माझी गाडी द्यावी. ती सुरू होत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

२. माझा भिंगांचा चष्मा, सुई धरायचे चिमटे आणि बारीक कात्र्या माझ्या विद्यार्थिनीला द्याव्यात, जिला सगळे काटकी म्हणतात. ती माझ्यापेक्षा चांगले टाके घालते. हे मी तिला कधी सांगितले नाही, कारण मला ते आवडत नव्हते. तिला एक सूचना: दरवर्षी आपले हात दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घे. आपण आपल्याला फार लवकर पास करतो.

३. रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहाच्या दारावरची माझ्या नावाची पाटी काढावी. शोकसभा घेऊ नये. घरातल्या बोळात मी ऑपरेशन केलेल्या मुलांचे फोटो लावले आहेत. त्यांतल्या काहींची आता लग्नेही झाली आहेत. ते सगळे उतरवून ज्यांचे त्यांना पाठवावेत. लोक ती भिंत बघून माझे कौतुक करत. मी करू देत असे.

४. हे कलम माझ्या मिळकतीबाबत नाही. वकिलांचे म्हणणे, ते इथे नको. मला ते इथेच हवे आहे.

अकरा वर्षांपूर्वी माझा उजवा अंगठा थरथरू लागला. प्रथम ब्लाऊजचे हूक लावताना कळले. मी गुपचूप गोळ्या सुरू केल्या आणि आठ महिने ऑपरेशने करत राहिले. यादीत नव्वद मुले थांबली आहेत, असे मी स्वतःला सांगत असे. खरे कारण हे की ऑपरेशन नसलेल्या दिवशी मी कोण, ते मला ठाऊक नव्हते.

त्यांतल्या चौथ्या महिन्यात एका सकाळी टेबलावर चार वर्षांची मुलगी यायची होती. मी हात धूत असताना मोठ्या सिस्टर शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "मॅडम, आज नको. दुसऱ्या कोणाला तरी बोलावू."

"का? काय दिसलं तुम्हाला?"

"तुम्हाला दिसतंय तेच."

मी आत गेले. हृदयातले छिद्र बुजवून झाले होते. शेवटच्या टाक्यांपैकी एकाला अंगठा हलला, सुई पुढे गेली आणि मोठ्या रक्तवाहिनीची भिंत फाटली. दोन तास मी ती शिवत होते. मुलगी गेली. कागदावर मी लिहिले: ऊती नाजूक असल्याने रक्तस्राव.

बाहेर तिची आई भिंतीला टेकून उभी होती. ती रडत नव्हती. म्हणाली, "मॅडम, उपाशी ठेवा म्हणाले होते. पण ती फार रडत होती, म्हणून सकाळी मी तिला दोन घोट दूध पाजलं. त्यानं तर नाही ना झालं?"

मी म्हणाले, "आता त्याचा विचार करू नका."

मी 'नाही' म्हणाले नाही. म्हणाले असते तर तिने पुढचा प्रश्न विचारला असता: मग कशानं?

यानंतर मी आणखी चार महिने ऑपरेशने केली. त्यांत कोणी दगावले नाही. मग तब्येतीचे कारण देऊन सन्मानाने निवृत्त झाले.

५. माझे राहते घर सामानासह मोठ्या सिस्टरना द्यावे. त्या प्रसंगानंतर आठवड्याच्या आत मी त्यांची बदली चादरी-कपड्यांच्या भांडारात करवली. निवृत्त होईपर्यंत, नऊ वर्षे, त्या तिथे चादरी मोजत होत्या. कोणापाशी अवाक्षर बोलल्या नाहीत. घर त्यांनी घेतले नाही तर मला आश्चर्य वाटणार नाही. तसे झाल्यास ते रुग्णालयाला न देता विकावे आणि पैसे लांबून येणाऱ्या पालकांच्या राहण्याच्या सोयीला लावावेत.

६. मुलीच्या आईला मी काहीही देत नाही. त्याचे कारण असे.

मागच्या वर्षी मी तिला शोधून काढले. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. दुधाची गोष्ट तिने घरी आपणहून सांगितली होती. नवरा वर्षभर तिच्याशी बोलला नाही, नंतर निघून गेला. ती एकटी राहते. घरात दूध आणत नाही.

मी तिला सांगितले, "दुधानं झालं नाही. माझा हात चुकला."

ती काच पुसत होती. "तुम्ही एवढ्या लांब माझ्यासाठी आलात, मॅडम."

"मी खरं सांगतेय."

"तुमचं मन मोठं आहे. दुसऱ्याचं ओझं अंगावर घेता. पण पाजलं तर मीच ना?"

मी माझा हात काउंटरवर ठेवला. तो तेव्हा थांबता थांबत नव्हता. तिने तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आता वय झालं तुमचं. जपा स्वतःला." मग तिने मला रिक्षापर्यंत सोडले.

घर तिला दिले तर ती हेच म्हणेल, की बाई मनाच्या मोठ्या होत्या. म्हणून देत नाही. फक्त कलम चारची नोंदणीकृत नक्कल तिच्याकडे जावी आणि दुसऱ्या साक्षीदाराने ती तिला समोर बसून वाचून दाखवावी. तरीही तिचा विश्वास बसला नाही तर माझ्याकडे दुसरा उपाय नाही. बसेल असे मला वाटत नाही.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली. मंगळवार, नऊ तारीख, सकाळी साडेदहा.

लिहून देणार: (सही, हात हलल्यामुळे दोनदा केली आहे. दोन्ही माझ्याच.)

साक्षीदार पहिल्या: शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मजकूर वाचलेला नाही. सही माझ्यासमोर झाली. (सही)

साक्षीदार दुसरा: निवृत्त भूलतज्ज्ञ. कलम चार मी वाचले. तसेच घडले. मी मुलीच्या उशाशी उभा होतो. दुधाचा काहीही संबंध नव्हता, हे मला त्याच दिवशी माहीत होते. तिची आई माझ्याही समोरूनच बाहेर गेली, मीही तिला थांबवले नाही. (सही)