पिंकीपुढे मी नाचणार नाही

१२ जानेवारी, रविवार
ठरलं. काकाची घोडी पिंकी नायगावच्या अश्व-शोमध्ये उतरवणार. पहिला नंबर आपलाच. कॉलेजातली अक्षदा म्हणते, तू सुरू केलेलं एक पण काम पूर्ण करत नाहीस. कॉलेज अर्ध्यात सोडलं ते तत्त्वासाठी! सरांनी भर वर्गात 'बस खाली' म्हटलं. मी बसलो नाही, निघालो. हे तिला कितीदा सांगायचं? असो. आजपासून राग बंद.

१३ जानेवारी
पिंकीला खरारा केला. तिने माझ्या पायावर पाय ठेवला. ठेवला तो ठेवलाच. बादली फेकली. बादलीवर राग नव्हता, ती मधे आली. शिवाय 'पिंकी' हे काय नाव आहे? शोसाठी नवीन नाव: वादळ.

१५ जानेवारी, सकाळी
वादळ म्हटलं की ढुंकून बघत नाही. पिंके म्हटलं की लगेच मान वळवते. हलकट.

१९ जानेवारी, रविवार
नियम असा: लगाम धरून रिंगणात एक फेरी चालत, एक दुडक्या चालीने. काकाच्या उमेळ्याच्या वाडीत प्रॅक्टिस. घोडी जागची हलेना. ओढलं, ढकललं, चणे दाखवले. चणे खाल्ले. आत्मारामकाका ओट्यावरून म्हणतो, अरे बाबा, अकरा वर्षं वराती करते ती, पुढे कोणी नाचल्याशिवाय पाऊल टाकत नाही, नाच की जरा. मी स्पष्ट सांगितलं, मी ट्रेनर आहे, नाचणार नाही. यमुनाकाकीला हसून हसून ठसका लागला. या घराण्याला शिस्तच नाही.

२६ जानेवारी
अक्षदाला मेसेज केला: नऊ तारखेला शोला ये, बघ. तिने अंगठा पाठवला. नुसता अंगठा! फोन आपटणार होतो. नवीन आहे. उशी आपटली. नंतर विचार केला, अंगठा म्हणजे येणार.

२ फेब्रुवारी
प्रगती! घोडी चार पावलं चालली. काका म्हणतो, शेजारचा जोनाथन कुंपणापलीकडे मुद्दाम नाचत होता म्हणून. साफ खोटं. माझ्या नजरेतला दरारा तिला कळला. जोनाथनला नंतर बघतो.

८ फेब्रुवारी
आयाळीला वेण्या घातल्या. बाबा म्हणाले, हे पण नाही जमलं तर जूनमध्ये गुपचूप कॉलेजला जायचं. उद्या सगळ्यांची तोंडं बंद.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी
अक्षदा पहिल्या रांगेत, सोबत तिचा दादा. आम्ही रिंगणात शिरलो आणि घोडी थांबली. चल म्हटलं. नाही. पिंके, प्लीज म्हटलं. नाही. मागून कोणीतरी ओरडलं, अरे, नवरदेव कुठाय? परीक्षक म्हणाले, बाहेर काढता का आता? अक्षदाने फोनमध्ये डोकं घातलं.
पुढे जे झालं ते तांत्रिक कारणाने झालं. दोन्ही फेऱ्या पूर्ण. दुडक्या चालीला नागीण डान्सच लागतो. रुमाल दातात. पण अर्ध्यात सोडलं नाही!
घोडीला उत्तेजनार्थ बक्षीस. परीक्षक म्हणाले, घोडी शांत आहे, मालकाला आवरा. मूर्ख माणूस. अक्षदा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. व्हिडिओ काढत होती. म्हणजे पूर्ण वेळ माझ्याकडेच बघत होती.

११ फेब्रुवारी
बोळिंजहून, अक्षदाच्या घरून, काकाला फोन. अक्षदाच्या दादाचं लग्न ठरलंय, वरातीला पिंकी पाहिजे. आणि अक्षदाने बजावून सांगितलंय, पुढे तोच पोरगा हवा. तोच! नाहीतर दुसरी घोडी बघू.
काकाला तोंडावर सांगितलं, मी नाचणार नाही. माझीही काही इज्जत आहे.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी
शिंप्याला माप दिलं. पिंकीच्या झुलीतलं उरलेलं कापड मला पुरतंय.