दादाचं बोलणं

नागपूर,
१४ नोव्हेंबर १९७६

चि. चंद्रभान,

आत्याचा आशीर्वाद. भिलाईला थंडी पडली असेल; स्वेटर घालत जा. काटोलची आपल्या बागेतली संत्री बसनं आली, या खेपेला गोड आहेत. दादा रस काढून घेतो. तुझी आई बरी आहे. दादा-वहिनी दोघं अजून माझ्याकडेच आहेत.

जूनमध्ये तू आलास तेव्हा कॅन्सरपायी दादाच्या जिभेचा शेंडा काढून महिनाच झाला होता. त्याचं बोलणं कळेना म्हणून तू पाटी-पेन्सिल आणलीस. त्यानं ती भिरकावली आणि तू त्याच रात्रीच्या गाडीनं निघून गेलास. तुझं चुकलं असं मला वाटत नाही. मलाही तेव्हा नुसती घरघर ऐकू येत होती.

वहिनीला मात्र सगळं कळतं. परवा जेवताना तो काही बोलला, तशी ती उसळली, "जीभ कापली तरी यांची खोड नाही गेली! म्हणे, वरणात मीठ काहून नाही?"

म्हणून मी त्याचं तोंड पाहत बसू लागले. तोंडातून आवाज कसा निघतो तो ध्वनिविचार, आणि बोलणारा कोणता आवाज कोणत्या आवाजापासून वेगळा राखतो तो स्वनिमविचार, असं मी वर्गात शिकवते. दादाचा एकही त, ट जागेवर नाही. त म्हणताना तो खालचा ओठ दातांना लावतो, ट म्हणताना गालातून हवा सोडतो. पण दोघांची गल्लत कधीच करत नाही. आवाज मोडलेत, भेद शाबूत आहे. हे मी कागदावर टिपलं. मग हा आपला भाऊ आहे हे आठवून कागद फाडला.

"पुष्पे, काहून टकमक पाहून राहिली वं?" तो म्हणाला.

"अभ्यास करून राहिली," मी म्हटलं. उत्तर दिल्यावर लक्षात आलं, मला समजलं होतं.

तुलाही दोन-चार दिवसांत समजेल. पण तेवढे दिवस हवेत. बावीस तारखेला पुन्हा ऑपरेशन आहे. गाठ मागे जिभेच्या मुळाकडे पसरली आहे, उरलेली जीभ काढणार. मग आवाज वेगळे राखायला त्याच्याजवळ जीभच राहणार नाही. हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं; मी थंडीचं लिहीत बसले.

तुझ्यासाठी त्याचा एक निरोप आहे. रोज सांगतो. वहिनी म्हणते, "लिहून द्या नं बाई, पोराले." मी लिहिणार नाही. लिहिला तर तू वाचशील आणि तिथंच राहशील. हा माझा दुष्टपणा असेलही. मला ठरवता येत नाही.

तुझ्या बापाचा निरोप अडवून बसलेली,
पुष्पलता आत्या