शिट्टी मीच वाजवली

रविवार, संध्याकाळ

शिट्टी अजून गळ्यातच आहे. काढायचंही सुचलं नाही.

ओढ्यावर दारू पीत बसणाऱ्या पर्यटकांना आळा बसावा म्हणून पोलिसांनी आमच्या महिला मंडळाला शिट्ट्या वाटल्या. कोणी दिसलं की वाजवा, आम्ही येतो. आज दुपारी मी वाजवली. गाडीवाली पोरं हसली, दोन बाटल्या खडकावर फोडल्या आणि शिळफाट्याकडे निघून गेली. पोलीस आले तेव्हा ओढ्यावर शिट्टी ऐकून जमलेल्या आम्हा बायकांशिवाय आदिवासी वाडीवरची बुधी एकटीच होती. राहिलेल्या बाटल्या गोणीत भरत होती. त्या ती भंगारात विकते, आणि आमच्या पायात जाऊ नयेत म्हणून काचाही तीच वेचते.

गोणी बघून हवालदार म्हणाले, “दारू विकतेस काय गं?”

“साहेब, ती नाय, ती नाय!” मी ओरडले.

“मग शिट्टी कशाला वाजवलीत?”

मंडळातल्या बाकीच्या बायकांनी माना फिरवल्या. का? वाडीवरची म्हणूनच ना? कसली मेली ही शिट्टी!

बुधीला गोणीसकट जीपमध्ये घातलं. जीप वळली तरी ती माझ्याकडेच बघत होती. “ताय, शिट्टी वाजव ना गं! कोनतरी येल!”

वाजवून कोणाला बोलावणार होते मी? येणारे तर आलेच होते.