बापाशी लढलेला राजा

डिचोली, १९८७

श्रीनाथदादा,

आज नववीला इंग्लंडचा रिचर्ड राजा शिकवला. धर्मयुद्धांत नाव कमावण्याआधी तो सख्ख्या बापाशीच लढला. बाप हरला आणि लगेच वारला. रिचर्ड आला, प्रेताजवळ थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला.

सेजल नावाच्या मुलीने विचारलं, “टीचर, तो रडला?”

“ठाऊक नाही,” म्हटलं आणि फळा पुसला.

गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून बाबांशी भांडून तू घर सोडलंस. त्यांच्या तिरडीपाशी तूही तेवढाच थांबलास. मला अजून रडू आलेलं नाही.

आई म्हणते, “ताका बरय, कोंकणीत उलय, मराठीत उलय, पूण घरा यो.”

तू कुठल्याही भाषेत बोललास तरी तिला चालेल, फक्त घरी यायला हवास. लिहिते म्हणून मी मान हलवली. पण तू आलास तर दार उघडीन की नाही, मलाच कळत नाही. म्हणून हे टपालात टाकत नाही.

तुझी बहीण,
पद्मावती